युद्धोत्तर काळाचे साक्षीदार

युद्धाचा इतिहास लिहिणें त्या मानानें सोपें असतें. लढाईला दिवस असतो, रणांगणाला नांव असतें, दोन्ही बाजूंचे सेनापति ठाऊक असतात, आणि कोण जिंकलें याविषयीं बहुधा वाद नसतो. युद्धानंतरच्या काळाचें तसें नाहीं. शांतता कोणत्या दिवशीं सुरू झाली, ती कोणाच्या घरापर्यंत पोंचली आणि कोणाच्या दारावरून परत गेली, हें सांगणारा जाहीरनामा कोणीही काढीत नाहीं. म्हणूनच महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला एखाद्या युद्धोत्तर काळावर प्रबंध लिहावयास सांगितला, म्हणजे तो एका चमत्कारिक अडचणींत सांपडतो. साधनें मिळत नाहींत ही त्याची तक्रार नसते. ग्रंथालयांत साधनें पुष्कळ असतात, आणि तीं एकमेकांशीं इतकीं जुळतात कीं आपल्याला नवीन विचारण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं, असें त्याला वाटूं लागतें. परंतु हें जुळणेंच मुळीं संशयास पात्र आहे. दहा ग्रंथ एकच गोष्ट सांगत असले, तर ते दहा साक्षीदार असतीलच असें नाहीं. पुष्कळदां साक्षीदार एकच असतो आणि उरलेले नऊ त्याचे नकलनवीस असतात.

महाराष्ट्रापुरतें पाहावयाचें, तर अशा प्रकारचा अत्यंत महत्त्वाचा काळ म्हणजे १८१८ नंतरचीं पंधरा-वीस वर्षें. या काळाविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून दोन मतें वडिलोपार्जित मिळकतीप्रमाणें चालत आलेलीं आहेत. पहिलें मत असें कीं, दुसऱ्या बाजीरावाच्या अंदाधुंदीनें रयत गांजून गेली होती, इंग्रजांनीं बंदोबस्त केला आणि लोक सुखानें नांदूं लागले. दुसरें मत असें कीं, १८१७ पर्यंत देश भरभराटींत होता आणि परकी अंमल बसतांच त्याची धूळधाण उडाली. पहिलें मत मांडणारा स्वतःला समतोल समजतो, दुसरें मांडणारा स्वतःला अभिमानी समजतो. पुरावा मात्र दोघांपैकीं कोणीच सहसा मागितलेला नसतो. विद्यार्थ्याचा पंधरा-वीस पानांचा प्रबंध ही या मतांना पुरावा विचारण्याची त्या घरांतील कदाचित् पहिलीच संधि असते. तिच्यासाठीं लागणारें बहुतेक साहित्य पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांत आहे. तें कसें वाचावें एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचाच येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम काळाची मर्यादा पाहूं. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. १८१८ च्या फेब्रुवारींत सातारा पडला व तेथून एल्फिन्स्टननें आपला प्रसिद्ध जाहीरनामा काढला. त्याच महिन्यांत अष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले, मे महिन्यांत रायगड गेला, आणि ३ जून १८१८ रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. यांपैकीं युद्ध संपल्याचा दिवस कोणता मानावयाचा? साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचें राज्य नक्की झालें तें २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें. खानदेशांत भिल्लांशीं चाललेल्या चकमकी त्यानंतरही कित्येक वर्षें थांबल्या नाहींत. शेवटीं १८२५ मध्यें त्यांचीच एक पलटण उभारून सरकारला त्यांतून वाट काढावी लागली. पुरंदरच्या आसमंतांतील रामोश्यांच्या बाजूनें पाहिलें, तर खरा झगडा १८२६ च्या सुमारास पेटला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं उमाजी नाईकाला पुण्यांत फांशी दिल्यावर तो शमला. तात्पर्य, 'युद्धोत्तर' हा साधा शब्द उच्चारतांच आपण नकळत कोणाच्या तरी बाजूला जाऊन बसतों. ती बाजू कोणती, हें प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहून टाकणें हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

जुन्या कागदांतील कालगणना हा भेद अधिकच स्पष्ट करते. मराठी दप्तरांतील सुहूर सन आणि वसुलाचें फसली साल हीं दोन्ही मृगापासून सुरू होतात. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. त्या हिशेबानें 'समान अशर मयातैन व अलफ', म्हणजे सुहूर १२१८, हें साल जून १८१७ मध्यें सुरू होऊन जून १८१८ मध्यें संपतें. खडकीपासून बाजीरावाच्या शरणागतीपर्यंतचें सारें युद्ध या एका सालाच्या पोटांत मावतें. बाजीराव स्वाधीन झाला आणि अवघ्या कांहीं दिवसांत मृग निघाला. राजधानींतल्या मुत्सद्द्याला जें एका राज्याचें मरण होतें, तें कुणब्याला पेरणीच्या तोंडावर आलेलें नवें साल होतें. ज्या विद्यार्थ्याला हें ठाऊक नाहीं, तो '१८१८ चा वसूल' असा आंकडा पाहून फसतो; कारण तो आंकडा युद्धाच्या सालाचा आहे कीं त्यानंतरच्या, हें केवळ इसवी सनावरून कळत नाहीं. रुपयाचेंही तसेंच आहे. पुण्याकडे अंकुशी, अन्यत्र चांदवडी, असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये त्या वेळीं चालत व त्यांचा बट्टा वेगवेगळा असे. दोन जिल्ह्यांच्या बेरजा शेजारीं मांडण्यापूर्वीं ते रुपये एकच आहेत काय, एवढें तरी पाहिलें पाहिजे.

आतां साक्षीदारांकडे वळूं. या काळाचा अभ्यासक ग्रंथालयांत गेला म्हणजे सर्वांआधीं ज्याची गांठ पडते, तो साक्षीदार म्हणजे मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयींचा त्याचा अहवाल १८१९ च्या ऑक्टोबरांत लिहून झाला आणि १८२१ मध्यें कलकत्त्यास छापला गेला. (ग्रंथसूचींत तो शोधतांना जुन्या इंग्रजी वर्णांचें भान ठेवावें लागतें, पेशवा हा शब्द त्यांत आज आपण लिहितों तसा लिहिलेला नाहीं.) एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट होता, जिंकलेल्या मुलुखाचा कमिशनर झाला, आणि अहवाल पुरा होतो न होतो तोंच, १ नोव्हेंबर १८१९ रोजीं, मुंबईचा गव्हर्नर होऊन बसला. पुण्याचा रॉबर्टसन, नगरचा पॉटिंजर, खानदेशचा ब्रिग्ज आणि साताऱ्याचा ग्रँट, हाच पुढें मराठ्यांच्या बखरीचा कर्ता म्हणून प्रसिद्ध झालेला ग्रँट डफ, या चौघांनीं त्याला आपापल्या प्रांतांची माहिती पुरविली. गांवगाडा, पंचायती, मामलतदारांची रीत, जमिनीचे हक्क, पोलीस यांविषयीं इतकी एकत्र माहिती त्यापूर्वीं कोणीं लिहिलेली नव्हती. ग्रंथ थोर आहे, यांत शंका नाहीं.

परंतु त्यांतील स्तुति आणि निंदा यांची वांटणी कशी झाली आहे, हें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. गांवचा पाटील, कुळकर्णी आणि पंचायत यांविषयीं ग्रंथकार आदरानें बोलतो. बाजीरावाच्या काळांत मामलती मक्त्यानें देण्याची जी चाल पडली होती, तिची तो कडक निंदा करतो. आतां, गांवकामगार आणि पंचायत या संस्था त्याला राखावयाच्या होत्या, आणि मक्त्याची पद्धत त्यानें जाहीरनाम्यानेंच बंद केलेली होती. म्हणजे जें ठेवावयाचें तें चांगलें आणि जें मोडलें तें वाईट, असा त्याच्या धोरणाचा व त्याच्या साक्षीचा मेळ बसतो. एवढ्यावरून साक्ष खोटी ठरत नाहीं. मक्त्याच्या मामलतदारीनें रयतेची नागवण झाली, ही गोष्ट खरीच आहे. परंतु कारभार करणारा माणूस आपल्या वरिष्ठांना अहवाल लिहीत आहे, हें विसरून त्याचें मत म्हणजेच त्या काळाचें वर्णन असें धरून चालणें, ही अगदीं वेगळी गोष्ट होय. पुढें मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणें जिल्ह्याचा खंड १८८५ मध्यें निघाला, त्यानें जुन्या सरकारी अहवालांतून वेंचे घेतले. गॅझेटिअरांतून तें शाळेच्या पुस्तकांत आलें, आणि पुस्तकांतून आपल्या घरांत. आपण ज्याला सर्वमान्य मत म्हणतों, त्याची वंशावळ अशी आहे.

दुसरा साक्षीदार लहान, पण मोठा उपयोगी आहे. मुंबईची लिटररी सोसायटी १८०४ मध्यें स्थापन झाली. तिचाच पुढें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेंत परिणाम झाला व टाऊन हॉलांतील तिचें ग्रंथालय प्रसिद्धच आहे. तिच्या लेखसंग्रहाचा तिसरा खंड १८२३ मध्यें निघाला. त्यांत टॉमस कोट्स नांवाच्या डॉक्टरानें पुण्याजवळच्या लोणी या एकाच गांवाचें वर्णन दिलें आहे. गांवांत जातवार घरें किती, जमीन कशी, पिकें कोणतीं, औतें कोणतीं, लोक काय खातात, काय नेसतात, हें सारें त्यानें नोंदविलें आहे. कोणत्याही राज्याची स्तुति किंवा निंदा करणें हा त्याचा मुख्य हेतु नव्हता, म्हणून त्याच्या नोंदींना वजन आहे. त्यांतील एक नोंद विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे: गांवांतील कुणबी बहुतेक कर्जांत होते. वर्ष १८१९ च्या आसपासचें. म्हणजे इंग्रजी राज्याला पुरतीं दोन वर्षेंही झालेलीं नव्हतीं. १८७५ मध्यें पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हांपासून शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा ही सर्वस्वी इंग्रजी कायद्याची देणगी आहे, असें पुष्कळ वेळां सांगण्यांत येतें. इंग्रजी न्यायालयांनीं सावकाराच्या हातांत हुकूमनाम्याचें नवें शस्त्र दिलें हें खरें; परंतु कर्ज त्याच्या आधीं होतें, हें लोणीचे लोक आपल्याला सांगतात. आपल्या अभिमानाला न रुचणारा पुरावाही टिपून ठेवावा लागतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

मग हें कर्ज युद्धानें झालें काय? तेंही नाहीं, निदान केवळ या युद्धानें नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर फौजांच्या येण्याजाण्यानें मुलुख उजाड झाला, आणि १८०३-०४ मध्यें दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. १८१८ मध्यें इंग्रज कलेक्टरांना ज्या पडीत जमिनी आणि ओस पडलेलीं घरें दिसलीं, त्यांतील कित्येकांचें मूळ चौदा-पंधरा वर्षें मागचें होतें. 'युद्धानंतरची दुःस्थिति' म्हणून जें सांगितलें जातें, त्यांतील किती भाग या युद्धाचा, किती त्या आधीच्या युद्धाचा आणि किती दुष्काळाचा, हें वेगळें काढल्याशिवाय कार्यकारणभाव जुळत नाहीं.

तिसरा गट महसुली कागदांचा. एल्फिन्स्टन गव्हर्नर झाल्यावर दख्खनचा कमिशनर चॅप्लिन झाला. त्याचा मोठा अहवाल १८२२ चा आहे. लंडनच्या ईस्ट इंडिया हाऊसमधील निवडक कागदांचा चौथा खंड १८२६ मध्यें छापला गेला, त्यांतही दख्खनचे पुष्कळ कागद आहेत. हे खंड कंटाळवाणे आहेत. तीनचार तास वाचून एखादाच उपयुक्त आंकडा हातीं लागतो. तथापि या काळाचें खरें रहस्य येथेंच आहे, आणि तें दोन्ही वडिलोपार्जित मतांना धक्का देणारें आहे. रयतेवर मोठा घाला आला तो लढाईनें नव्हे, तर शांततेनें आणलेल्या स्वस्ताईनें.

हें असें घडलें. युद्ध संपतांच लोक गांवीं परतले, कौल घेऊन पडीत जमिनी लागवडीस आणूं लागले, आणि धान्य वाढलें. त्याच वेळीं धान्य खाणारे नाहींसे झाले. शिलेदारांच्या पागा, किल्ल्यांवरील शिबंदी, सरदारांचे वाडे आणि पुण्याचा दरबार हीं सारीं धान्य, वैरण आणि हरभरा यांचीं गिऱ्हाइकें होतीं. फौज मोडली म्हणजे केवळ शिपाई बेकार झाला असें नाहीं; त्याच्या घोड्याची चंदी पिकविणारा कुणबीही बाजाराला मुकला. राज्याचा वसूल पूर्वीं लष्कराच्या आणि दरबाराच्या खर्चानें पुन्हां देशांत पसरत असे. आतां त्यांतला मोठा भाग त्या वाटेनें परत येईनासा झाला आणि रोकड पैसा दुर्मिळ होत गेला. अशा रीतीनें १८२० नंतर भाव उतरत गेले. परंतु सरकारचा सारा रोख रुपयांतच द्यावा लागे. धान्य निम्म्या किंमतीला जाऊं लागलें, तर तोच सारा भरण्यासाठीं दुप्पट धान्य विकावें लागतें, हें गणित सांगावयास पंडित नको. १८२४ मध्यें पावसानें दगा दिला, तेव्हां उलट प्रकार झाला. भाव चढले, पण विकावयास धान्यच नव्हतें.

या संकटांतच आर. के. प्रिंगल या तरुण अधिकाऱ्यानें पुणें प्रांताची नवी मोजणी केली. विलायतेंतील हेलिबरीच्या महाविद्यालयांत तो नवें अर्थशास्त्र शिकून आला होता. लागवडीचा खर्च वजा जातां जें निव्वळ उत्पन्न राहील, त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे, असें त्याचें सूत्र होतें. सूत्र कागदावर निर्दोष होतें. परंतु निव्वळ उत्पन्न ठरवावयाचें कसें, हा प्रश्न खालच्या अंमलदारांच्या हातीं गेला, मोजणींत चुका व लांचलुचपत झाली, आणि १८३० च्या सुमारास ही आकारणी अमलांत आली तेव्हां ती उतरलेल्या भावांना पेलेना. शेतें टाकून लोक निघून जाऊं लागले. अखेर ती व्यवस्था मोडून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत दर उतरवून १८३६ मध्यें तीस वर्षांच्या मुदतीची नवी जमाबंदी केली.

येथें विद्यार्थ्यानें थोडें थांबून विचार करावा. प्रिंगलच्या व्यवस्थेचे दोष आपल्याला इतक्या तपशिलानें कां कळतात? कारण ती मोडून नवी व्यवस्था आणणाऱ्यांनीं ते लिहून ठेवले. त्यांना आपल्या नव्या मोजणीची गरज सिद्ध करावयाची होती. एल्फिन्स्टनला बाजीरावाच्या मक्त्याचे दोष दिसले, ते याच नियमानें. प्रत्येक नवा अंमल आपल्या आधीच्या अंमलाविरुद्ध उत्तम साक्षीदार असतो. मग तो आधीचा अंमल परक्याचा असो वा स्वतःच्याच कचेरींतला असो. म्हणून दोन्ही साक्षी एकाच तराजूंत घातल्या पाहिजेत. प्रिंगलविरुद्धची साक्ष आनंदानें स्वीकारावयाची आणि बाजीरावाविरुद्धची द्वेषमूलक म्हणून टाकून द्यावयाची, हा न्याय नव्हे. आणि उलट क्रम लावणें हाही न्याय नव्हे. दोन्ही साक्षी खऱ्या असूं शकतात. त्यांच्या हेतूंची नोंद घेऊन, त्यांच्या हेतूला निरुपयोगी अशा ज्या गोष्टी त्यांनीं सहज जातां जातां सांगितल्या असतील, त्यांना अधिक मोल द्यावें, हाच यांतला मार्ग होय.

मग मराठी साधनांचें काय? हा प्रश्न येथें कोणालाही सुचेल. पेशव्यांचें दप्तर पुण्यांत आहे. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० पासून १९३४ पर्यंत निघाले. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा; १९१० मध्यें स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानेंही अपार सामग्री जमविली. परंतु १८१८ चा उंबरठा ओलांडतांच हा प्रवाह एकदम क्षीण होतो. राज्य गेलें तसें राज्याचें लिहिणेंही गेलें. पेशव्यांचे कागद सरकारनें जपले, ते मुख्यतः वसुलाचे आणि इनामांचे हक्क ठरविण्यासाठीं. खजिन्याला जें लागलें तें उरलें. नव्या राज्याचा वरच्या पायरीवरचा कारभार इंग्रजींत चालूं लागला. मराठी वृत्तपत्राचा जन्म तर ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' निघाला तेव्हां झाला. म्हणजे ज्या चौदा वर्षांत सारें उलथेंपालथें झालें, त्या वर्षांत मराठींत लिहिणारें एकही वृत्तपत्र नव्हतें. मुंबईचीं इंग्रजी पत्रें होतीं. परंतु तीं छावणी, जहाजें आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका यांच्या जगांतलीं. बिशप हीबरसारखे प्रवासी १८२५ मध्यें पुण्यास येऊन गेले व त्यांचें प्रवासवृत्त छापलें गेलें. परंतु कांहीं दिवसांच्या पाहुण्याला शहर जेवढें दिसावयाचें तेवढेंच त्यांना दिसलें.

पराभूत पक्षाची म्हणून जी मराठी स्मृति बखरींतून व घराण्यांच्या कैफियतींतून राहिली, तीही सर्वांची नाहीं. ज्यांचीं वतनें, वर्षासनें, मामलती दरबारावर अवलंबून होत्या, त्यांचें तें दुःख आहे आणि तें खरेंच आहे. दक्षिणेचा जुना निधि पुढें विद्येकडे वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडण्यांत आली, ती या वर्गाचें सांत्वन करण्याच्या हेतूनेंही होती. परंतु कोष्टी, तांबट, पागेंतला मोतद्दार, किल्ल्यावरचा शिपाई यांनीं आपली कैफियत कोठें लिहून ठेवावी? त्यांच्या दुःखाला दप्तर नव्हतें.

तथापि असें मुकें दुःखही कधींकधीं अनपेक्षित ठिकाणीं बोलून जातें. अलेक्झांडर मॅकिंटॉश या कॅप्टनानें रामोश्यांवर एक ग्रंथ लिहिला. तो १८३३ मध्यें मुंबईस छापला गेला. उमाजीला पकडण्याची कामगिरी ज्यांनीं केली, त्यांतलाच हा अधिकारी. उमाजीचा याहून वैरी साक्षीदार कोण असणार? पण पुरंदरसारख्या किल्ल्यांच्या चौकीपहाऱ्याचे हक्क रामोश्यांकडे कसे होते, राज्य बदलल्यावर ते कसे गेले, सरकारनें उमाजीला कांहीं काळ चाकरींत घेतलें असूनही तो पुन्हां कसा डोंगरांत गेला, हें जाणण्यासाठीं आपल्याला याच वैऱ्याच्या पुस्तकाकडे जावें लागतें. शत्रूनें लिहिलें म्हणून जो हें पुस्तक वर्ज्य करील, तो उमाजीचा शब्द ऐकण्याची मोठी संधि गमावील. आणि जो तें जसेंच्या तसें उतरून घेईल, तो उमाजीला केवळ दरोडेखोर ठरवून मोकळा होईल.

यावरून अभ्यासाचा क्रम कसा असावा, हें सहज ध्यानांत येईल. प्रारंभीं एखादा अलीकडचा ग्रंथ वाचावा, म्हणजे प्रदेशाचा नकाशा डोळ्यांपुढें राहतो. केनेथ बॅलहॅचेट यांचा १८१७ ते १८३० या काळांतील सामाजिक धोरणावरील ग्रंथ १९५७ चा, रविंदर कुमार यांचा एकोणिसाव्या शतकांतील पश्चिम हिंदुस्थानावरील १९६८ चा, आणि सुमित गुहा यांचा दख्खनच्या शेतीव्यवस्थेवरील १९८५ चा. तिघांचे प्रश्न निराळे आहेत; पहिल्याचें लक्ष धोरणाकडे, दुसऱ्याचें समाजांतील थरांकडे, तिसऱ्याचें शेत, बैल आणि बाजार यांकडे. यांपैकीं एक वाचून मूळ अहवालांकडे जावें, आणि मूळ साधनें वाचून झाल्यावर उरलेल्या दोहोंकडे यावें. म्हणजे त्यांच्याशीं शिष्याप्रमाणें नव्हे, तर लहान सहकाऱ्याप्रमाणें वाद घालतां येतो. टिपणवहींत प्रत्येक उताऱ्याशेजारीं तीन गोष्टी लिहाव्या: हें कोणीं लिहिलें, कोणत्या सालीं लिहिलें, आणि त्या वेळीं लिहिणाराला काय हवें होतें. जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती आज घरबसल्याही वाचावयास मिळतात, ही मोठी सोय आहे. परंतु पडद्यावर हवा तेवढाच शब्द शोधून काढणाराला शेजारचें पान दिसत नाहीं, आणि पुष्कळ वेळां खरी साक्ष त्या शेजारच्या पानावर असते. मोडी वाचतां येत नसेल, तर ती शिकण्यास लागणारे कांहीं महिने वायां जात नाहींत. पुष्कळ घरांच्या माळ्यांवर अजून रुमालांत बांधलेले कागद पडून आहेत आणि त्यांतले कांहीं याच वर्षांचे असण्याचा संभव आहे.

इतकें करून विद्यार्थ्याच्या हातीं काय पडेल? कदाचित् फार थोडें. 'पेशवाई बुडाल्यावर देश सुखी झाला काय' या मोठ्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या प्रबंधांत मिळणार नाहीं. परंतु इंदापूरच्या कुणब्याला १८२५ मध्यें सारा भरणें १८१९ पेक्षां कां अवघड गेलें, या लहान प्रश्नाचें उत्तर तो देऊं शकेल. आणि तें उत्तर बाजीरावाच्या बाजूचेंही नसेल व एल्फिन्स्टनच्या बाजूचेंही नसेल. जेथें साधन बोलत नाहीं, तेथें त्यानें कल्पनेनें पोकळी भरून काढूं नये; कोण बोलला नाहीं आणि कां बोलूं शकला नाहीं, एवढें लिहिलें तरी तो इतिहासच होय.

राज्यें जातात, येतात. त्यांच्याविषयींचीं मतें मात्र त्यांच्यापेक्षां चिवट असतात आणि वापरणारा तींच स्वतःचीं समजतो. ग्रंथालयाचा खरा उपयोग तीं मतें पुष्ट करून घेण्याकडे नाहीं. १८१९ चा कमिशनर, १८२३ चा डॉक्टर, १८३३ चा कॅप्टन आणि १८३६ चा मोजणीदार हे चौघेही एकाच कपाटांत शेजारीं उभे असतात, पण एकमेकांशीं बोलत नाहींत. त्यांना समोरासमोर आणून एकमेकांची उलटतपासणी घ्यावयास लावणारा कोणीतरी लागतो. तो विसाव्या वर्षाचा विद्यार्थी असला तरी चालतो. त्यानें निकाल आधीं लिहून आणलेला नसावा, एवढीच अट आहे.